न तुटणारी भाकरी

आपल्या माणसांत बाळंतपण व्हावं म्हणून आम्ही विट्याला परत आलो, आणि आल्या दिवसापासून मला आपल्या माणसांचीच भीती वाटायला लागली.

लग्नानंतरची माझी सगळी वर्षं तमिळनाडूतल्या एका गावात गेली होती. नवऱ्याचं तिथं गलाईचं दुकान होतं, म्हणजे जुनं सोनं वितळवून त्यातली भेसळ वेगळी करून द्यायची. विट्याकडची निम्मी घरं याच धंद्यापायी मुलूखभर पांगलेली आहेत. तिथं मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट खाली झालं. दुसऱ्या वेळी एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, आतड्याचा तुकडा तपासला आणि सांगितलं, सिलिॲक आहे. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की माझं शरीर माझ्याच आतड्यांवर उठतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि मूलही टिकत नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, सगळं जन्मभर बंद, चिमूटभरसुद्धा चालणार नाही. हिंगाच्या डबीतही गव्हाचं पीठ असतं हे मला त्या दिवशी कळलं.

खरं सांगायचं तर तिकडं हे जड गेलं नाही. सकाळी इडली, दुपारी भात, रात्री डोसा. कोपऱ्यावरच्या साध्या हॉटेलातही मी बिनधास्त बसायचे. वर्षभरानं रक्तातला या आजाराचा आकडा खाली आला आणि मला तिसऱ्यांदा दिवस गेले. नवऱ्यानं दुकान भावावर सोपवलं, विट्यात लहानशी जागा घेतली आणि आम्ही सामान बांधलं. परक्या मुलखात मी पोटभर जेवत होते. स्वतःच्या मुलखात उपाशी राहायची वेळ येईल हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. ज्वारीचा मुलूख आमचा, भाकरीला काय तोटा, असं म्हणत आम्ही आलो.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो चपातीचा होता. मी तेव्हा हसले. आठवड्याभरात हसू पळालं. गल्लीत बातमी पसरली होती की गलाईवाल्याची सून पोटुशी आहे, आणि आमच्याकडं पोटुश्या बाईला खायला घालणं हा सगळ्या गल्लीचा हक्क असतो. रोज एक वाटी दारात. कुणाचा शिरा, कुणाची लापशी, कुणाची गव्हल्यांची खीर. मी नको म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा पडायचा. मग आजाराची गोष्ट सांगा. ती ऐकून झाली की ठरलेलं उत्तर यायचं.

"आगं, एवढ्याशानं काय हुतंय? आमी न्हाई का खाल्लं?"

या एका वाक्याचा मला इतका संताप यायचा की माझा रक्तदाब वाढायला गव्हाची गरजच नव्हती. पण बोलता येत नव्हतं. वाटी आत घ्यायची, आत्यांना द्यायची आणि हात धुऊन टाकायचे. वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून आत्या तिच्यात शेंगदाणे घालून पाठवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरून यायची.

पिठासाठी आधी गिरणीत गेले. गिरणीवाल्यानं मोठ्या अभिमानानं दळायची दोन वेगळी जाती दाखवली. "वैनी, गव्हाचं न्यारं, ज्वारीचं न्यारं. काय काळजी करू नका." त्याच्या भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, छताची जळमटंसुद्धा पांढरी. गव्हाचं पीठ हवेतच तरंगत होतं. ज्वारीच्या जात्याचं झाकण उघडं होतं. मी पिशवी उचलली आणि पदर नाकाला लावून बाहेर आले. तो मागून हाका मारत होता. त्याच आठवड्यात नवऱ्यानं घरघंटी आणली आणि तिच्यात ज्वारी, बाजरी आणि तांदूळ यांच्याशिवाय काही पडणार नाही असं ठरलं. घरचा प्रश्न मिटला, निदान तसं वाटलं.

बाहेरचा मिटत नव्हता. मोबाइलवर ग्लूटेन फ्री म्हणून शोधलं की पुणं, बेंगलोर. जवळात जवळ सांगलीतलं एक दुकान. तिथं काचेच्या कपाटात बिस्किटं आणि पिठं मांडलेली, वर मोठ्या अक्षरात ग्लूटेन नाही, आणि पाठीमागं मुंगीएवढ्या अक्षरात की याच कारखान्यात गव्हाचे पदार्थही होतात. मी ते दुकानदाराला दाखवलं. त्यानं चष्मा लावला, काढला आणि म्हणाला, "सगळी घेऊन जात्यात की." सगळ्यांच्या पोटात माझं मूल नव्हतं.

नणंद साताऱ्यात असते. तिला भेटून परतताना नवऱ्यानं हौसेनं एका नव्या हॉटेलसमोर गाडी थांबवली. बाहेर ज्वारी-नाचणीची चित्रं, आत हिरव्या भिंती. मला खूप दिवसांनी बाहेर बसून गरम काहीतरी खायचं होतं, इतकं की मेनूकार्ड हातात घेतल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं. नाचणीची रोटी दिसली. वेटरला विचारलं, यात दुसरं काय असतं?

"मैदा अजिबात न्हाई मॅडम. प्युअर गहू."

"म्हणजे नाचणी आणि गहू?"

"व्हय. लय पौष्टिक."

शेवटी दही आणि केळं खाल्लं. नवऱ्यानंही काही मागवलं नाही, मी कितीही म्हटलं तरी. राग कुणावर काढायचा ते दोघांनाही कळत नव्हतं.

तपासणी सांगलीला होती. महिन्यातून एकदा, पुढं दोनदा. विट्याहून सकाळी निघायचं, नंबर लावायचा, रक्त द्यायचं, सोनोग्राफीसाठी थांबायचं. दुपार व्हायची. सुरुवातीला डबा न्यायचे. तो दवाखान्याच्या बाकावर बसून खाताना औषधांचा वास यायचा आणि मी झाकण लावून टाकायचे. एकदा अर्धा डबा तसाच परत आणला, तेव्हा नवरा दवाखान्याच्या मागच्या गल्लीत फिरून आला आणि म्हणाला, "एक खानावळ आहे. फक्त भाकरी."

पत्र्याची खोली, चार टेबलं, दारातच चूल. एक पन्नाशीच्या मावशी भाकरी थापत होत्या. त्या भागात मी इतक्या ठिकाणी तपास केला होता की माझा प्रश्न विचारून विचारून गुळगुळीत झाला होता. चपाती करता? "न्हाई. हितं फकस्त भाकरी." भाकरीत गव्हाचं पीठ? मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या कुळाची चौकशी करतेय. "भाकरीत गहू कशाला घालंल कोण? शुद्ध ज्वारी हाय." आमटीत हिंग? "लसूण घालतो आमी." मी परात बघितली, तवा बघितला. मग बसले.

ती भाकरी, ती वांग्याची भाजी, वरून कच्चा कांदा. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मावशींनी विचारलं, कितवा महिना? सांगितलं. त्यांनी न मागता ठेचा वाढला. त्यानंतर प्रत्येक तपासणीनंतर आम्ही तिथंच जेवलो, आणि मधल्या काळात नवऱ्याच्या कामाला सांगलीला जायचं निमित्त काढून मीही आठवड्याला त्याच्याबरोबर जायला लागले. सगळ्या सातारा-सांगलीत मला एक टेबल मिळालं होतं. दसऱ्यानंतर एकदा भाकरी तुटकी आली आणि मला मळमळत होतं, म्हणून अर्धीच खाल्ली. पुढच्या वेळी भाकरी अशी मऊ आली की घडी घातली तरी मोडेना. मी मावशींना म्हटलं, हात आहे तुमचा. त्या लाजल्या.

दिवाळी झाली आणि माझं पोट बिघडलं, जुलाब लागले. आधी वाटलं गरोदरपणाचंच. मग तोंडात फोड आले, पायऱ्या चढताना दम लागायला लागला. तपासणीच्या दिवशी सोनोग्राफीच्या टेबलावर डॉक्टरीणबाईंनी बाळाचं तेच माप पुन्हा पुन्हा घेतलं. वय माझ्याइतकंच असेल त्यांचं. त्या म्हणाल्या, बाळ महिन्यांच्या मानानं लहान आहे, मागं पडतंय. रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. आकडा वर गेला होता.

"कुठून तरी गहू पोटात जातोय," त्या म्हणाल्या. "शोधा. वेळ फार नाही."

मागच्या दोन्ही वेळांना मला आधी काही कळलंच नव्हतं. यावेळी कळत होतं आणि मी रोज जेवत होते, हे जास्त भयंकर होतं. घास उचलला की हात थांबायचा. मिठाच्या भांड्यात कुणी पिठाचा चमचा घातला असेल का? आत्या चपात्या लाटून त्याच हातानं माझी भाजी वाढत असतील का? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्या हातांकडं बघत बसायला लागले. त्यांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी लाटणं खाली ठेवलं.

"माझ्यावर पहारा देतीयास व्हय गं?"

मी म्हटलं, "आत्या, कुठून तरी येतंय. घरात गहू आहे तोवर मला झोप येणार नाही."

दुपारी उठले तर स्वयंपाकघर पुसलेलं, पोळपाट-लाटणं नाहीसं, गव्हाची कणगी रिकामी. सगळं शेजारणीला देऊन टाकलं होतं. "आता मी बी भाकरी खातो, त्यो बी भाकरी खाईल. मग बग कुठनं येतंय." रागानं बोलल्या, पण त्या वयात, दातांचा त्रास असताना, त्यांनी दुधात भाकरी भिजवून खाल्ली. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण पडले नाही, कारण तेव्हा आम्ही दोघी एकमेकींवर चिडलेल्याच होतो.

घरात गव्हाचा कण उरला नाही. जुलाब काही थांबले नाहीत. रोज सकाळी मी पोटावर हात ठेवून हालचाल मोजायची सोडून एका हालचालीची वाट बघत पडायचे.

घरच्या भाकऱ्या मात्र त्या दिवसांत वाईट व्हायला लागल्या. ज्वारी जुनी झाली होती, विरी गेली होती. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. नवी ज्वारी माघात येते, तोवर जुनीची भाकरी थापतानाच चिरते, तव्यावर टाकताना तुकडे होतात. आत्या उकळत्या पाण्यात पीठ मळायच्या तरी कडा फाटायच्या. आमच्याकडं तुटकी भाकरी वाढणं म्हणजे करणारणीची अब्रू जाणं. त्या तुकडे ताटात जुळवून ठेवायच्या आणि मान वर करायच्या नाहीत.

त्यानंतरच्या तपासणीला मी खानावळीत बसले होते. भाकरी आली. मी ती उचलली, तिची घडी घातली. मोडली नाही. दुसरी घडी घातली. तिच्या कडेला एक चीर नव्हती.

बाहेर पौषाचं ऊन होतं. सगळ्या जिल्ह्यातली ज्वारी जुनी होती. घरी आत्यांच्या चाळीस वर्षांच्या हाताला जमत नव्हतं ते इथं कसं जमत होतं?

मी ताट सरकवलं आणि चुलीपाशी गेले. मावशी पुढची भाकरी करत होत्या. ज्वारीचं पीठ परातीत होतं. त्यांच्या डाव्या हाताला एक लहान डबा होता, तो मी इतक्या वेळा बघितला असणार आणि मीठ समजून सोडला असणार. त्यांनी त्यातून मूठ भरली आणि परातीत टाकली.

"ते काय आहे मावशी?"

"पीठ."

"कशाचं?"

"गव्हाचं. जरासं."

माझा आवाज चढला. मी विचारलं होतं तुम्हाला. पहिल्याच दिवशी विचारलं होतं, गहू घालता का. टेबलावरचे लोक जेवायचे थांबले. मावशींना खरंच कळत नव्हतं मी का ओरडतेय.

"आवं ताई, तवा घालत नव्हतो. आन ह्यो काय गहू न्हाई. नुसती मूठभर, वळाय पायजे म्हणून. ज्वारीचीच भाकरी हाय की ही."

तिच्या लेखी ते खरं होतं. मूठभर पिठानं ज्वारीची भाकरी गव्हाची होत नाही, हे माझी आईही म्हणाली असती. मग ती उठून उभी राहिली आणि तिनं मला ते सांगितलं, जे मला ऐकायचं नव्हतं.

"त्या दिवशी तुमाला तुटकी भाकरी गेली माझ्या हातनं. तुमी अर्धी टाकून उठला. पोटुशी बाई माझ्या दारातनं उपाशी गेली, मला रातभर डोळा लागला न्हाई. तवापासनं तुमच्या भाकरीला मी दोन मुठी घालतो. बाकीच्यास्नी एक."

नवरा मागं येऊन उभा राहिला होता. सोन्यातली गुंजभर भेसळ ओळखणारा माणूस, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी मावशींना सांगितलं. आजार काय आहे, आधी दोनदा काय झालं, बाळ आता कसं आहे. मला तिला मारावंसं वाटत होतं, आणि मारायला काहीच जागा सापडत नव्हती, कारण तिनं मला माझ्या आईसारखं जेवू घातलं होतं. ऐकता ऐकता ती खाली बसली. "अरं द्येवा," म्हणाली. मग माझे हात धरायला तिनं हात पुढं केले. हात पिठाचे होते. मी मागं सरले.

हाताला पीठ लागून मला काही होत नाही, हे मला माहीत होतं. तरी सरले. तिनं ते बघितलं आणि हात लुगड्याला पुसत राहिली.

पुढचे आठवडे मी फक्त घरचं खाल्लं, दवाखान्याच्या बाकावर, औषधांच्या वासात, शेवटच्या तुकड्यापर्यंत. जुलाब थांबले. आकडा हळूहळू उतरायला लागला. बाळ वाढलं, पण पुरतं नाही. मुलगी झाली ती दिवस भरायच्या आधी, इतकी लहान की पहिले काही दिवस काचेच्या पेटीत होती. मी त्या काचेला कपाळ टेकून उभी राहायचे आणि नर्स मला बाजूला करायची. मग एका दुपारी तिनं मुलगी माझ्या हातात दिली.

ती जगली. आज हे लिहिताना ती आतल्या खोलीत आत्यांच्या मांडीवर चढून त्यांच्या बांगड्या ओढतेय.

सहाव्या महिन्यात उष्टावण केलं. माझ्या भावानं सोन्याच्या अंगठीनं तांदळाची खीर चाटवली. घरात तोवर गव्हाचा दाणा आला नव्हता आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता कधीच येणार नाही. माझ्यासाठी नाही आणि तिच्यासाठीही नाही. तिला गव्हाची चव कळायचीच कशाला?

सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. म्हणाले, आईला आहे म्हणजे तिला असण्याची शक्यता जास्त, पण असेलच असं नाही. गहू पोटात गेल्याशिवाय रक्तात काही दिसणार नाही. कधीच दिला नाही तर तिला आजार आहे की नाही, कधीच कळणार नाही. थोडा थोडा सुरू करा, आम्ही तपासत राहू.

मी भांडले. म्हटलं, तुम्ही मला विष द्यायला सांगताय. ते शांतपणे म्हणाले, "निम्म्या महाराष्ट्राचं जेवण आहे ते. नसलेल्या आजारासाठी तिला जन्मभर उपाशी ठेवणार आहात का?"

त्या रविवारी मी स्वतः बाजारात गेले आणि पावशेर रवा घेतला. वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वेगळी वाटी. अंगणात शेगडी मांडून खीर केली. आत्या जवळ आल्या. म्हणाल्या, "तू आत जा. मी भरवतो. तुझ्यानं हुयाचं न्हाई."

"नको," म्हटलं. "मीच."

मुलगी मांडीवर बसली होती. मी चमचा तिच्या ओठांपाशी नेला आणि पुन्हा मागं घेतला, तेवढ्यात निम्मी खीर तिच्या हनुवटीवर सांडली. उरलेली तिनं जिभेनं आत घेतली. तोंडात घोळवली. माझ्याकडं बघितलं.

आता महिने जायचे होते, मग सुई, मग रिपोर्ट. तोवर मला काही कळणार नव्हतं.

तिनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि पुन्हा तोंड उघडलं. मी दुसरा चमचा भरला.